प्रवेश मिळाला, पुढे सोबत कोणाची?
महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षी वंचित विद्यार्थ्यांची गळती का होते आणि आपण काय करू शकतो

बारावीचा निकाल लागला की गावोगावी गुणगौरव समारंभांना सुरुवात होते. यशस्वी विद्यार्थ्यांना पुष्पगुच्छ व प्रशस्तिपत्रके दिली जातात, मान्यवर दोन शब्द बोलतात, पालकांच्या चेहऱ्यांवर समाधान असते. हे सर्व योग्यच आहे. आम्हीही अशा समारंभांची छायाचित्रे वर्षानुवर्षे आनंदाने प्रसिद्ध करीत आलो आहोत. तथापि एक गोष्ट प्रांजळपणे कबूल केली पाहिजे. ज्या मुलामुलींची छायाचित्रे आम्ही जूनमध्ये छापली, त्यांपैकी कितीजण डिसेंबरमध्ये महाविद्यालयाच्या वर्गात बसलेले होते, याची चौकशी आम्ही क्वचितच केली. महाविद्यालय अर्धवट सोडून परतलेल्या मुलाची बातमी होत नाही. तो निमूटपणे घरी येतो आणि एखाद्या दुकानात, कारखान्यात किंवा वीटभट्टीवर कामाला लागतो. घरच्यांना वाटते, शिक्षण आपल्या नशिबी नव्हते. त्याला स्वतःला वाटते, आपली बुद्धीच कमी पडली.

यांतील दुसरी समजूत बहुतेक वेळा खरी नसते, हे या लेखात आम्हांला सांगावयाचे आहे. ज्या मुलाने आश्रमशाळेत किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकून, घरी अक्षरओळख नसताना बारावीची पायरी ओलांडली, त्याच्या बुद्धीची परीक्षा झालेली असते. पुढे तो अडखळतो तो अभ्यासाच्या अवघडपणाने जितका, तितकाच एका वेगळ्या कारणाने. महाविद्यालय त्याच्याकडून अशा अनेक गोष्टी गृहीत धरते, ज्या इतर मुलांना आईवडील, मोठी भावंडे आणि शेजारी न मागता सांगतात. हे सांगणारे माणूस त्याला मिळाले, तर तो टिकतो. न मिळाल्यास अनेकदा पहिल्या सहा महिन्यांतच मागे फिरतो.

बारावीला काय काय संपते?

उदाहरण आपल्या परिसरातलेच घेऊ. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. वसई, पालघर, डहाणू, तलासरी, वाडा, विक्रमगड, जव्हार आणि मोखाडा हे त्याचे आठ तालुके. पश्चिमेकडे किनाऱ्यालगत लोहमार्ग धावतो आणि २०१३ सालापासून मुंबईची उपनगरी गाडी डहाणूपर्यंत जाते. पूर्वेकडील जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ भागात मात्र रेल्वे नाही; तेथील मुलांचा सारा आधार एस.टी.वर आणि खासगी जीपगाड्यांवर. वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी, ठाकर अशा आदिवासी समाजांची वस्ती या भागात आहे. एकाच जिल्ह्यात एका टोकाला महानगराला चिकटलेली वसई आणि दुसऱ्या टोकाला पावसाळ्यात वाट बंद होणारे पाडे, अशी ही विषमता आहे.

आता एखाद्या पाड्यावरील मुलगी डोळ्यांसमोर आणू या. तिने निवासी आश्रमशाळेतून बारावी केली आहे. तेथे राहणे, जेवण, गणवेश व पुस्तके यांची सोय शासनाकडून होत होती. घंटा वाजली की उठायचे, घंटा वाजली की अभ्यासाला बसायचे. एखादे दिवशी ती वर्गात दिसली नाही, तर कोणी ना कोणी तिला शोधत येई. तिच्या मैत्रिणी गावातील शाळेत जात असतील, तर त्यांना ग्रामीण भागातील मुलींसाठी असलेला एस.टी.चा मोफत पास होता. तो बारावीपर्यंतच मिळतो.

निकालाच्या दिवशी हे सर्व एकदम संपते. पुढे राहण्याची जागा स्वतः शोधायची, जेवणाचे स्वतः पाहायचे, वेळापत्रक स्वतः समजून घ्यायचे. वर्गात शंभर-सव्वाशे मुले. आपण आठवडाभर आलो नाही तरी कोणाच्या लक्षात येत नाही. शहरातील सुस्थितीतील मुलाला या स्वातंत्र्याचा आनंद होतो, कारण संध्याकाळी तो आपल्या घरी परततो. पाड्यावरील मुलीला त्याच स्वातंत्र्यात आपण कोणाच्याच खिजगणतीत नाही असे वाटू लागते.

अडथळा पहिला : कागदपत्रे

प्रवेशाच्या हंगामात लागणारे दाखले पाहिले, तर सुशिक्षित माणसाचीही दमछाक होईल. शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, तहसील कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, जातीचे प्रमाणपत्र, आणि अभियांत्रिकी, औषधनिर्माण, वैद्यकीय यांसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांतील राखीव जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्र. शिष्यवृत्तीसाठी आधार क्रमांकाशी जोडलेले बँक खाते हवे. खाते असते, पण ते आधारशी जोडलेले नसते, किंवा दीर्घकाळ व्यवहार न झाल्याने बंद पडलेले असते. नावातील एका अक्षराचा फरकही अर्ज अडवतो. गुणपत्रिकेवर एक आडनाव आणि आधार कार्डावर दुसरे, असे आदिवासी भागात वरचेवर आढळते.

यांतील एक विसंगती ध्यानात घेण्याजोगी आहे. महाराष्ट्रात अनुसूचित जमातीच्या दाव्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा वास्तव्याचा व जातीचा पुरावा महत्त्वाचा मानला जातो. आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या नोंदवहीतील उतारा हा त्यातील वजनदार पुरावा. परंतु ज्या घरातून शाळेत जाणारी ही पहिलीच पिढी आहे, त्या घराने आजोबांचा शाळेचा उतारा कोठून आणावा? मग महसुलाच्या जुन्या नोंदी, जन्ममृत्यूची नोंदवही, रक्ताच्या नात्यातील कोणाचे वैधता प्रमाणपत्र असल्यास ते, अशी शोधाशोध करावी लागते. या कामाला महिने लागतात. म्हणून विज्ञान शाखेतील विद्यार्थ्याने अकरावी-बारावीतच आपल्या कनिष्ठ महाविद्यालयामार्फत वैधतेचा अर्ज करणे शहाणपणाचे असते. हे माहीत असलेली मुले वेळेवर अर्ज करतात. माहीत नसलेली मुले जूनमध्ये धावपळ करतात आणि हातची जागा गमावतात.

आपल्या वाचकांपैकी काहींच्या मनात येथे एक प्रश्न येईल, म्हणून त्याचाही खुलासा करतो. अनुसूचित जमातींच्या घटनात्मक आदेशात धर्माची अट नाही; त्यामुळे आदिवासी कुटुंब ख्रिस्ती असले तरी त्याचा जमातीचा दर्जा धर्मामुळे जात नाही. अनुसूचित जातींच्या १९५० सालच्या आदेशात मात्र हिंदू, शीख व बौद्ध यांचाच अंतर्भाव आहे. अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांचा समावेश महाराष्ट्रात इतर मागासवर्गात होतो. या दोन बाबींची गल्लत होऊन चुकीच्या रकान्यात अर्ज भरले जातात आणि वर्ष वाया जाते. अर्ज भरण्यापूर्वी जाणकाराकडून खात्री करून घ्यावी.

अडथळा दुसरा : पैसा, आणि त्याची वेळ

गरीब मुलांसाठी योजना नाहीत असे म्हणता येणार नाही. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. महाडीबीटी या संकेतस्थळावर तिचा अर्ज करता येतो. आदिवासी विकास विभागाची शासकीय वसतिगृहे आहेत. वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांच्या निवास-भोजनासाठी थेट खात्यात रक्कम देणारी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना २०१६ साली सुरू झाली. शिष्यवृत्तीस पात्र विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी शिकवणी शुल्काची मागणी करू नये, अशा शासनाच्या सूचनाही आहेत.

अडचण बहुधा वेळेची असते. प्रवेश जून-जुलैमध्ये होतो. वसतिगृहाची गुणवत्ता यादी त्यानंतर लागते. शिष्यवृत्तीचा हप्ता तर अनेकदा वर्ष सरत आल्यावर हाती येतो. मग पहिले तीन-चार महिने मुलीने राहायचे कोठे आणि खायचे काय? याच दिवसांत शेतात आवणी, म्हणजे भाताची लावणी, सुरू असते. घरात रोख पैसा नसण्याचा आणि हातांची सर्वांत जास्त गरज असण्याचा हाच काळ. दिवाळीनंतर अनेक कातकरी व वारली कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि रेतीच्या कामावर स्थलांतर करतात. त्या वेळी घरी लहान भावंडांना सांभाळण्यासाठी मोठ्या मुलीला बोलावणे येते. शिक्षण सुटते ते अशा एखाद्या महिन्याच्या खिंडीत. पुष्कळदा अडलेली रक्कम दोन-तीन हजार रुपयांची, खोलीच्या भाड्याची किंवा प्रवासाच्या पासाची असते. येथे ध्यानात ठेवावे की मुलींचा मोफत पास बारावीला संपला, तरी विद्यार्थ्यांना एस.टी.च्या मासिक पासात ६६.६७ टक्के सवलत असते. महाविद्यालयाचा दाखला नेऊन तो पास काढायचा असतो, एवढी साधी गोष्टही पहिल्या महिन्यात पुष्कळांना ठाऊक नसते.

अडथळा तिसरा : भाषा

घरी वारली किंवा कातकरी बोली, शाळेत प्रमाण मराठी आणि महाविद्यालयात इंग्रजी, असा या मुलांचा प्रवास असतो. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला हा धक्का अकरावीतच बसतो. दहावीपर्यंत ज्याला तो ‘प्रकाशाचे अपवर्तन’ म्हणत होता, त्याचे नावच बदलते. संकल्पना त्याला कळलेली असते. शब्द कळत नाही. पण शब्द कळला नाही की प्रश्न कळत नाही, आणि प्रश्न विचारायला उभे राहावे तर सर्वांसमोर आपले इंग्रजी उघडे पडेल ही धास्ती. तो गप्प बसतो. शिक्षकांना वाटते, याला काही अडचण नाही.

यावर दोन उपाय हाताशी आहेत. पहिला असा की प्रत्येक विषयातील दोन-तीनशे पारिभाषिक शब्दांची मराठी-इंग्रजी यादी पहिल्या महिन्यातच मुलाच्या हाती द्यावी आणि ती त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्यावी. शासनाच्या भाषा विभागाने परिभाषा कोश प्रसिद्ध केलेले आहेत. त्यांतून अशी यादी करणे निवृत्त शिक्षकाला अवघड नाही. दुसरा असा की कला शाखेतील बऱ्याच विषयांची उत्तरपत्रिका मराठीतून लिहिण्याची मुभा असते. ती आपल्या विद्यापीठात व आपल्या विषयात आहे किंवा नाही, हे कार्यालयात विचारून घ्यावे. इंग्रजी शिकायचे आहेच. पण ते येईपर्यंत विषय सोडून देण्याचे कारण नाही.

अडथळा चौथा : न लिहिलेले नियम

महाविद्यालयात काही नियम फलकावर लिहिलेले असतात, काही कोठेच लिहिलेले नसतात. प्राध्यापकांना तासानंतर भेटून शंका विचारता येते, हे कोण सांगते? ग्रंथालयातून पुस्तक घरी नेता येते, आजारपणाचा दाखला दिल्यास गैरहजेरीचा विचार होऊ शकतो, अंतर्गत परीक्षेचे गुण अंतिम निकालात धरले जातात, ७५ टक्के उपस्थितीच्या नियमामुळे परीक्षेला बसणे अडू शकते, हे मुले एकमेकांकडून शिकतात. ज्याची ओळखच नाही तो हे उशिरा शिकतो, किंवा फटका बसल्यावर शिकतो.

सर्वांत जास्त नुकसान ‘ए.टी.के.टी.’ या चार अक्षरांच्या अज्ञानाने होते. शाळेत नापास म्हणजे वर्ष गेले, ही मुलाची समजूत असते. महाविद्यालयात तसे नसते. ठरावीक मर्यादेत विषय राहिले तरी पुढील सत्रात बसता येते आणि राहिलेले विषय नंतर सोडवता येतात. पहिल्या सत्राचा निकाल लागतो, दोन विषय गेलेले दिसतात, आणि मुलगा कोणालाही न विचारता बोजाबिस्तरा आवरून गावी जातो. त्याला कोणी महाविद्यालयातून काढलेले नसते. आपण गेलो, असे त्यानेच ठरवलेले असते. त्या दिवशी दूरध्वनीवर दहा मिनिटे बोलणारा एक जाणता माणूस असता, तर त्याची पदवी वाचली असती.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाले. त्यामुळे आणखी नवे शब्द आले : क्रेडिट, मेजर, मायनर, खुले वैकल्पिक विषय, क्रेडिटांच्या नोंदीसाठी शैक्षणिक बँकेचे खाते. या धोरणानुसार एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी आणि चार वर्षांनंतर ऑनर्स पदवी, असे टप्पे ठरले आहेत. मध्येच थांबून पुन्हा येण्याची मुभा आहे. अडचणीतील मुलासाठी ही सवलत दिलासा देणारी आहे, यात शंका नाही. पण जो परतीचा मार्ग कोणी समजावून सांगितलेला नाही, तो मार्ग असून नसल्यासारखाच. एका वर्षानंतर बाहेर पडणारी मुले पुन्हा आली का, हे पाहण्याची जबाबदारी कोणीतरी घ्यावयास हवी.

अडथळा पाचवा : परकेपणा

शेवटचा अडथळा डोळ्यांना दिसत नाही. कपडे, बोलण्याचा हेल, उपाहारगृहात चहाला किती पैसे पडतात याची धास्ती, आडनावावरून होणारी चौकशी, राखीव जागेवरून ऐकू येणारे टोमणे. अशा लहान लहान प्रसंगांतून ‘ही जागा आपली नव्हे’ असे मन सांगू लागते. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ व्हिन्सेंट टिंटो यांनी १९७०च्या दशकापासून महाविद्यालयीन गळतीचा अभ्यास केला. विद्यार्थी टिकतो की जातो, हे त्याच्या गुणांइतकेच तो त्या संस्थेच्या शैक्षणिक आणि सामाजिक जीवनात किती मिसळतो यावर अवलंबून असते, असा त्यांच्या विवेचनाचा गाभा आहे. आपल्या अनुभवाशी हे ताडून पाहिले, तर पटावयास हरकत नाही. ज्याला जेवायला सोबत आहे, तो सहसा महाविद्यालय सोडत नाही.

महाराष्ट्राने हे पूर्वीच ओळखले होते

हे सारे नवे शोध आहेत असे कोणी समजू नये. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात, १९०१ साली, कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले आणि पुढे निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी तेथे वसतिगृहे उभी राहिली. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हटले जाते ते यामुळे. शहरात शाळा होत्या. पण खेड्यातून आलेल्या मुलाला निवारा आणि पाठीवर हात ठेवणारे माणूस मिळाल्याशिवाय त्या शाळा त्याच्या उपयोगाच्या नाहीत, हे महाराजांनी जाणले.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांना एकत्र ठेवणारे वसतिगृह चालविले. त्या मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाई पाटील यांनी अंगावरचे दागिने, अखेरीस मंगळसूत्रही, मोडल्याची हकिकत महाराष्ट्राला ठाऊक आहे. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू झाले, आणि ‘कमवा आणि शिका’ या मार्गाने अनेक गरीब मुले तेथून पदवीधर झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० साली औरंगाबाद, आताचे छत्रपती संभाजीनगर, येथे महाविद्यालय सुरू केले.

आपल्याच जिल्ह्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे काम आरंभले व पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. गुरे चारणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत असे दिसताच त्यांनी शाळाच कुरणात नेली. मूल संस्थेपर्यंत पोहोचत नसेल, तर संस्थेने मुलापर्यंत जावे, हा कोसबाडचा धडा आज महाविद्यालयांनाही लागू आहे.

अलीकडच्या काळातील एक उदाहरण दूरदेशीचे आहे, पण आम्हांला ते उद्बोधक वाटते. न्यूयॉर्क शहराच्या सार्वजनिक विद्यापीठाने २००७ साली आपल्या दोन वर्षांच्या महाविद्यालयांत ‘असॅप’ या संक्षिप्त नावाचा एक उपक्रम सुरू केला. गरीब विद्यार्थ्यांना पूर्णवेळ शिकण्याच्या अटीवर पुस्तके, शुल्कातील उरलेली तूट आणि दरमहा प्रवासाचा पास देण्यात आला. त्यासोबत प्रत्येकाला एक ठरावीक मार्गदर्शक देण्यात आला, आणि त्याला नियमित भेटणे आवश्यक ठेवले. कोणाला उपक्रमात घ्यायचे हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरवून दोन्ही गटांची तुलना करण्यात आली. तीन वर्षांनंतर उपक्रमातील ४० टक्के विद्यार्थी पदवीपर्यंत पोहोचले; बाहेरील गटातील २२ टक्के. प्रत्येक विद्यार्थ्यामागे खर्च अधिक आला, तरी प्रत्येक पदवीमागे तो कमी पडला, कारण वाया जाणारी वर्षे वाचली. पास, पुस्तके आणि एक ओळखीचे माणूस : यांत आपल्या आवाक्याबाहेरचे काय आहे?

आपण काय करावे?

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक धर्मग्रामाने आपल्या हद्दीतील, आणि शक्य असल्यास एखाद्या दूरच्या पाड्यावरील, पहिल्या पिढीच्या चार-पाच विद्यार्थ्यांसाठी प्रत्येकी एक ‘सोबती’ ठरवावा. निवृत्त शिक्षक, बँकेतील वा महसूल खात्यातील कर्मचारी, परिचारिका, पदवीच्या शेवटच्या वर्षातील विद्यार्थी, कोणीही हे काम करू शकेल. त्याला शिकवणी घ्यायची नाही. वर्षभर लक्ष ठेवायचे आहे.

फेब्रुवारी ते एप्रिल या काळात विद्यार्थ्याच्या कागदपत्रांची एक धारिका तयार करावी. नावांतील फरक, बँकेचे खाते आणि जातीचे दाखले तेव्हाच तपासावेत. मे-जूनमध्ये अभ्यासक्रमांची माहिती द्यावी, पण निवड त्याची त्याला करू द्यावी. जिचा कल परिचर्येकडे आहे तिला केवळ जवळचे म्हणून कला शाखेत घालू नये, आणि ज्याला इतिहास आवडतो त्याला अभियांत्रिकीकडे ढकलू नये. महाविद्यालय सुरू होण्यापूर्वी एकदा त्याच्यासोबत तेथे जाऊन यावे : कार्यालयाची खिडकी, ग्रंथालय, सूचनाफलक, समाजकल्याण वा शिष्यवृत्तीचे काम पाहणारे लिपिक, हे सर्व दाखवावे. पालकांनाही बरोबर न्यावे. ज्या आईने महाविद्यालयाची इमारत एकदा पाहिली आहे, ती दिवाळीनंतर मुलीला भट्टीवर बोलावताना दोनदा विचार करते.

पहिले दहा आठवडे दर शनिवारी दूरध्वनी करावा. ‘अभ्यास कसा चाललाय?’ या प्रश्नाला ‘बरा’ एवढेच उत्तर येते. त्याऐवजी ‘या आठवड्यात जेवलास कोणाबरोबर?’, ‘कोणता तास कळला नाही?’, ‘खोलीचे भाडे दिलेस का?’ असे विचारावे. पहिल्या अंतर्गत परीक्षेनंतर आणि पहिल्या सत्राच्या निकालाच्या दिवशी आवर्जून भेटावे, ए.टी.के.टी.चा अर्थ त्याआधीच समजावून ठेवावा. आणि हाताशी एक लहानसा निधी असावा, ज्यातून शिष्यवृत्ती येईपर्यंत दोन-तीन हजार रुपये त्याच दिवशी देता येतील. उशिरा येणाऱ्या मोठ्या रकमेपेक्षा वेळेवर आलेली लहान रक्कम मुलाला अधिक तारते.

महाविद्यालये चालविणाऱ्या आपल्या संस्थांनाही आमची विनंती आहे. पहिल्या सत्रात सलग पाच दिवस गैरहजर राहिलेल्या विद्यार्थ्याला कोणीतरी दूरध्वनी करावा, एवढा एक नियम केला तरी पुष्कळ साधेल. प्रवेशाच्या रांगेत मराठीतून माहिती देणारा एक स्वयंसेवक ठेवावा. विसाव्या शतकातील दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने शिक्षणविषयक जाहीरनाम्यात, १९६५ साली, जे गरीब आहेत, ज्यांना कुटुंबाचा आधार नाही आणि जे आपल्या श्रद्धेचे नाहीत, त्यांची विशेष काळजी वाहण्यास सांगितले आहे. प्रवेशाच्या गुणांची सीमारेषा दरवर्षी उंचावल्याचा अभिमान बाळगताना याचे विस्मरण होऊ नये.

काही पथ्येही पाळावी लागतील. सोबत देताना धर्माची अट नसावी आणि तशी शंका येण्यासही जागा ठेवू नये. मदत स्वीकारणाऱ्या मुलाचे छायाचित्र छापण्यासाठी आमच्याकडे पाठवू नये. ते आम्ही छापणार नाही. त्याला समारंभात उभे करून कृतज्ञतेचे भाषण करावयास लावू नये. त्याच्या बोलीची थट्टा होऊ देऊ नये. आणि तो एकदा चुकला, एखादे सत्र बुडाले, तरी हात सोडू नये.

वाचकहो, वसईच्या बागायती वाड्यांतून पहिल्यांदा मुंबईच्या महाविद्यालयात गेलेली मुले आपल्यांतील पुष्कळांचे वडील, काका किंवा आजोबा होते. त्यांतल्या कोणाला गिरगावात वा वांद्र्यात नातेवाइकाने ओसरी दिली, कोणाला धर्मगुरूंनी चिठ्ठी दिली, कोणाच्या शुल्काचे पैसे शेजाऱ्याने भाजीच्या विक्रीतून उसने दिले. ते एकट्याच्या कर्तबगारीवर शिकले असे आपण आज म्हणतो. घरातील वडीलधाऱ्यांना विचारले, तर सोबत करणाऱ्यांची नावे ते अजूनही सांगतील. अम्माऊसच्या वाटेवर हिरमुसून परतणाऱ्या दोघांना प्रभूने आधी गाठले, त्यांच्याबरोबर चालला, त्यांचे ऐकून घेतले आणि मग बोलला. हाच क्रम आपणही ठेवावा.

यंदाच्या गुणगौरव समारंभात पुष्पगुच्छ देऊन झाल्यावर व्यासपीठावरून आणखी एक यादी वाचून दाखवावी, अशी आमची विनंती आहे : कोणत्या विद्यार्थ्याचा सोबती कोण. डिसेंबरमध्ये त्याच यादीतील मुलांची विचारपूस आम्ही करू, आणि त्यांपैकी किती वर्गात आहेत ते याच ठिकाणी कळवू.